खेळणाऱ्याच्या मागे बसून

आमच्या विभागाच्या दारावर ‘गेम डिझाइन अँड डेव्हलपमेंट’ अशी पाटी होती आणि प्रवेशाच्या दिवसांत त्या पाटीखाली येणारे पालक दोन प्रकारचे असत. काहींना वाटे, पोरगा नाहीतरी दिवसभर मोबाइलवर खेळतोच, मग त्याचीच पदवी मिळाली तर काय वाईट? बाकीचे पोराला प्रवेश घ्यायला नव्हे, प्रवेशापासून वाचवायला आलेले असत. कोपरखैरण्याचे एक गृहस्थ माझ्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून म्हणाले होते, “मॅडम, खरं सांगा, ह्यात नोकरी लागते की नुसतं खेळतच बसतात?” मी म्हटलं, “काका, चार वर्षांत तुमच्या मुलाला खेळायची इतकी शिसारी येईल की घरी मोबाइल तुम्हीच त्याच्या हातात द्याल.” त्यांनी त्याच दिवशी फॉर्म भरला.

महाप्याच्या एका कंपनीत मी सोळा वर्षं बँकांची सॉफ्टवेअरं लिहिली. सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी मुंबईतल्या एका खाजगी विद्यापीठात शिकवायला आले आणि गेल्या वर्षी, पासष्टी गाठून, निवृत्त झाले. एवढं चरित्र पुरे. मला सांगायचंय ते एका दुपारबद्दल. पण ती दुपार कळायला आमचं काम काय असतं ते आधी थोडं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं गेम म्हणजे चित्रं आणि धडाधड आवाज.

गेम म्हणजे खेळणाऱ्याला काय, कधी आणि किती कळू द्यायचं याचा हिशोब. माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असे आणि पोरांना दरवर्षी भीतीचेच गेम करायचे असत. भूत दाखवायला अक्कल लागत नाही, ते कोणीही दाखवतं. खेळणाऱ्याला वाट बघायला लावायचं, हे अवघड. दार दाखवायचं, दारापलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली एवढा आवाज द्यायचा, आणि मग पुढचं मिनिटभर काहीही करायचं नाही. बाकीचं काम खेळणारा आपणहून करतो.

हे शिकवणारी मी स्वतः मात्र पक्की भित्री. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, कोणीतरी येईपर्यंत खाली पत्रपेटीत काहीतरी शोधल्यासारखं करते. फोन दोनदा वाजून बंद झाला तर तिसऱ्यांदा वाजेपर्यंत माझ्या मनात कोणाकोणाचे अपघात होऊन गेलेले असतात. पोरांनी माझ्या भित्रेपणाची मोजपट्टीच केली होती. मॅडमनी चष्मा काढला तर बी ग्रेड, खुर्ची मागे सरकवली तर ए, आणि “बंद करा रे” म्हणाल्या तर गेम जगात कुठेही चालणार. मला त्याचं वाईट वाटत नसे. इतर कुठल्या नोकरीत माझ्या ह्या गुणाला मार्क मिळाले असते?

आता नियमाचं. गेम अर्धामुर्धा तयार झाला की तो बाहेरच्या माणसाला खेळायला देतात, त्याला प्लेटेस्ट म्हणतात. ज्याने गेम बनवला तो खेळणाऱ्याच्या मागे बसतो, हातात एक तक्ता घेऊन. तक्त्यात तीन रकाने असतात: कितवं मिनिट, खेळणाऱ्याने काय केलं, आपल्याला काय वाटलं. आणि नियम एकच. मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही. खेळणारा चुकला, अडकला, चिडला, रडकुंडीला आला, काहीही झालं तरी चकार शब्द काढायचा नाही. कारण उद्या गेम बाजारात गेल्यावर तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन ‘इकडे दाबा, तिकडे वळा’ सांगणार आहात का?

ऐकायला सोपं वाटतं. पण स्वतःचं काम कोणीतरी डोळ्यांदेखत चुकीचं वापरतंय आणि आपण गप्प, हे फार जड जातं. एक पोरगा तोंडात रुमाल कोंबून बसायचा. वाशीच्या एका निवृत्त शिक्षकांना आम्ही खेळायला बोलावलं होतं. ते गेममधल्या पहारेकऱ्याला वीस मिनिटं “जाऊ दे ना रे बाबा, म्हातारा माणूस आहे मी” असं विनवत राहिले, बटण दाबायचं त्यांना सुचलंच नाही. मागे पोरगं घामाघूम. पण त्याने तोंड उघडलं नाही आणि दुसऱ्या दिवशी तो पहारेकरी बदलला. बोलला असता तर बदलला नसता. हा नियम मी बारा वर्षं इतक्या कडकपणे पाळायला लावला की पोरं मला मागून ‘गप्पमॅडम’ म्हणत. नाव मला आवडायचं. आपल्या हातात छडी आहे आणि ती योग्य जागी पडते, असा माझा समज होता.

निकिता शेवटच्या वर्षाला होती. करावे गावातली, सीवूड्सच्या टॉवरांच्या पायथ्याशी जे जुनं गाव आहे तिथली. वडील खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या, म्हणजे खेकडे आणि चिखलातले मासे, धरायला जातात, आई त्या बाजारात विकते. मुलगी अबोल, काम मात्र असं की मी तिच्या वहीसमोर मान खाली घालावी. तिचा गेम खाडीच्या चिखलातला होता. ओहोटीला माणूस चिखलात आत, लांब गेलाय, हातात डबा आहे, आणि आता भरती येणार. त्याने जेट्टीपर्यंत परत यायचं, एवढंच. भूत नाही, रक्त नाही. आवाज तिने स्वतः गावच्या खाडीत जाऊन रेकॉर्ड केलेले: चिखलातल्या भोकांतून सुटणारे बुडबुडे, पाखरांचा कलकलाट, आणि तो कलकलाट थांबल्यावरची शांतता. पाणी दिसायच्या आधी पाखरं गप्प होतात, हे तिला वडिलांनी सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितलेली. भरतीचं पाणी समोरून येत नाही. ते आधी ओहळांमधून गुपचूप मागे जाऊन भरतं, आणि माणसाला कळतं तेव्हा परतीची वाट गेलेली असते. गेममध्ये नवखा खेळाडू नाकासमोर जेट्टीकडे पळतो आणि ओहळात अडकून बुडतो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा खुर्ची तर सरकवलीच, शिवाय घरी गेल्यावर पाय धुतले.

मग वर्गातल्या सगळ्यांनी हट्ट धरला की निकिताच्या बाबांनीच हा गेम खेळून बघायला हवा. निकिता नको म्हणत होती. “ते कधी आले नाहीत इथे, मॅडम. त्यांना टेन्शन येतं.” मी म्हटलं, “अगं, त्यांच्याहून चांगला खेळाडू कुठे मिळणार?” म्हणजे बोलावलं मीच. हेही इथे नोंदवून ठेवते.

ठरल्या दिवशी ते अकराला आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. पहाटे खाडीत जाऊन आले होते, घरी आंघोळ केली, साखरेच्या आजाराची गोळी घेतली, आणि उशीर होईल म्हणून न जेवताच निघाले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की माणूस खुर्चीच्या कडेवर बसलाय. आधीच्या पोराची टेस्ट लांबली आणि ते बाहेरच्या बाकावर सव्वा तास बसून राहिले. मी स्वतः जाऊन विचारलं, “चहा-बिस्किट घेता का काही?”

“नको नको,” ते म्हणाले. “झालाय मंगाशीच.”

भिडस्त माणूस कॉलेजात आल्यावर हेच म्हणणार, इतकी अक्कल मला असायला हवी होती.

आत आल्यावर मी सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं. “हे बघा, इथे तुमची परीक्षा नाही, निकिताच्या गेमची परीक्षा आहे. एकदा सुरू झालं की कोणी बोलायचं नाही. काही विचारलंत तरी उत्तर मिळणार नाही. तुम्हाला जसं वाटेल तसं खेळा.”

“मना यातला काय कलत नाय, मॅडम,” ते म्हणाले. “पन पोरगी म्हनते त बसतो.”

निकिताने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात कंट्रोलर दिला, दोन बटणं दाखवली. मग ती, मी आणि अश्विन नावाचा तिचा वर्गमित्र, आम्ही तिघं मागे रांगेत बसलो. निकिता माझ्या डाव्या हाताला.

पहिली दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. आजवर जो कोणी हा गेम खेळला होता तो जेट्टी दिसताच तिकडे पळाला होता. हे गृहस्थ पळालेच नाहीत. उभे राहिले. गोल वळून चारी बाजूंना पाहिलं. पाखरांचा आवाज थांबला तसे ते जेट्टीकडे पाठ करून खारफुटीच्या कडेने निघाले, लांबच्या वाटेने, उंचवट्या-उंचवट्यावरून. ओहळ आला की थांबायचे, बघायचे, वळसा घालायचे. अश्विनने माझ्याकडे पाहून नुसते डोळे विस्फारले. मी लिहिलं: ‘पाण्याला ओळखतो.’ निकिताचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

मग साधारण बाराव्या मिनिटाला त्यांचा वेग कमी झाला. मानेवर घाम दिसायला लागला. खोलीत एसी होता, मला शाल पुरत नव्हती, आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कंट्रोलरवरचे हात थरथरत होते. मी लिहिलं: ‘घाम. हात थरथरतोय. छान.’

आमच्या धंद्यात हे छानच असतं. माणसाला धाप लागली, हात कापला, तो पापणी लववायची विसरला, की आम्ही मागे बसून खूश होतो. लहान पोरांना गुदगुल्या कराव्यात तशी आम्ही मोठ्या माणसांना भीती घालतो आणि त्यांचं अंग कसं आणि किती शहारतं ते मोजतो. समोर घाबरलेला माणूस होता, आणि घाबरलेला माणूस म्हणजे जमलेला गेम. त्यापलीकडे मला काही दिसलं नाही.

पडद्यावरचा माणूस खारफुटीची कड सोडून उलट दिशेला निघाला. सरळ मोठ्या ओहळाकडे. ओहळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पाणी घोट्याला लागलं, पोटरीला लागलं. तो हलेना.

निकिता खुर्चीतून उठली.

मी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि डोळ्यांनी तिला खाली बसायला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, तोंड उघडलंही होतं. मी तिचं मनगट आणखी घट्ट दाबलं. बारा वर्षांची सवय होती, गप्पमॅडम होते मी. ती बसली. मी लिहिलं: ‘खेळाडू गोठला. भीती पोचली.’

किती वेळ गेला? मी स्वतः मिनिटं लिहीत होते, म्हणून मला सांगता येतं. चार मिनिटं. पडद्यावर पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि आम्ही तिघं मागे बसून पाहत होतो. मग निकिताच्या बाबांची मान पुढे गेली, कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं आणि सगळं अंग ताडताड उडायला लागलं.

“बाबांची साखर!” निकिता ओरडली. “साखर उतरली!”

अश्विनने कोणाच्या तरी पिशवीतून कोल्ड्रिंकची बाटली आणली, मी ती त्यांच्या तोंडाला लावायला गेले. निकिताने माझा हात झटकून टाकला. “शुद्ध नाही त्यांना. गुदमरतील.” ती जमिनीवर बसली होती, वडिलांना कुशीवर वळवून, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. तिचा आवाज अगदी शांत होता आणि त्या शांतपणाची मला टेबलावरच्या रक्तापेक्षा जास्त भीती वाटली. दुसऱ्या एका सरांची गाडी खाली होती. चौघांनी उचलून नेलं. इस्पितळ जवळच, दहा मिनिटांच्या रस्त्यावर. तेवढ्या रस्त्यात मी देवाला जे जे कबूल केलं त्यातलं पुढे काहीही पाळलेलं नाही.

तिथे बोटाला सुई टोचली तर यंत्रावर आकडाच आला नाही. नुसतं ‘लो’. सलाइनमधून ग्लुकोज सुरू झालं. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शुद्ध येईल. पण मेंदूला किती वेळ साखर मिळाली नाही त्यावर पुढचं. लक्षणं कधी सुरू झाली? घाम, थरथर?” मी मिनिटागणिक उत्तर देऊ शकत होते. तक्ता माझ्या हातातच होता. मी म्हटलं, “पंधरा-वीस मिनिटं असतील.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?”

निकिता माझ्याशेजारी उभी होती. मी तक्ता घडी करून पर्समध्ये टाकला.

तासाभराने त्यांनी डोळे उघडले. निकिता पुढे झाली, “बाबा.” त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं आपण लांबच्या अनोळखी माणसाकडे पाहतो. मग म्हणाले, “पानी कुटवर आला?” पुन्हा, “पानी कुटवर आला?” निकिताची आई एव्हाना बाजारातून तशीच धावत आली होती, हाताला मासळीचा वास. तिने तोंडात पदर कोंबला. त्यानंतरचा एक तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. त्यांना पोरीचं नाव आठवेना. आपलं गाव सांगता येईना. मी बाहेरच्या बाकावर बसून मनात म्हणत होते, हा माणूस असाच राहिला तर? त्याच पाण्यात उभा राहिला तर?

संध्याकाळ व्हायच्या आत ते त्या पाण्यातून परतले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, बायकोला “धंदा कोनाच्या जिवावर टाकून आलीस?” असं विचारलं. कपाळाला पाच टाके होते. त्या गोळ्यांनी साखर पुन्हा उतरू शकते म्हणून त्यांना तीन दिवस ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. “मॅडम, त्यांनी सकाळपासून खाल्लं नव्हतं, ते आजारी आहेत हे आपल्याला सांगितलं नव्हतं. आपली काही चूक नाही. तुम्ही भेटायला जाऊ नका. आणि तो तक्ता... तो काही फाइलला लावायची गरज नाही.”

“सर, मी मुलीचा हात धरला होता.”

“कोणी पाहिलं?”

“मुलीने.”

“तिने तक्रार केलीय का?”

“नाही.”

“मग झालं तर.” त्यांनी खरोखरच सुटकेचा श्वास सोडला, आणि खोटं कशाला बोलू, मीही सोडला. पाच वर्षं राहिली होती नोकरीची. रात्री झोप मात्र आली नाही.

चौथ्या दिवशी निकिता आली. बाबांना आदल्या संध्याकाळी घरी आणलं होतं. तिने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. अभ्यासक्रम सोडत असल्याचा अर्ज होता.

“बाबा बरे आहेत ना?” मी विचारलं.

“बरे आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.”

“म्हणजे?”

“आईशी बोलतात, काकाशी बोलतात. मी पाणी घेऊन गेले की तोंड फिरवतात. आई म्हणते, तू तिथंच होतीस ना, तीन हातांवर? तुला बाप दिसला नाय?”

“तू सांगितलं नाहीस, मी तुझा हात धरला म्हणून?”

“काय सांगू, मॅडम?” ती म्हणाली. “मला कळलं होतं. बाबा त्या ओहळाकडे वळले तेव्हाच कळलं. माझे बाबा झोपेत चालले तरी तिकडे जाणार नाहीत. घाम नव्हता बघितला मी, हात नव्हता बघितला. पडद्यावरच कळलं की हे बाबा नाहीत. आणि तरी बसले. तुम्ही हात धरला म्हणून बसले, असं सांगू? हात सोडवता आला असता ना मला. मला मार्कांची भीती वाटली. त्यापेक्षा दिसलंच नाही असं म्हटलेलं बरं.”

ती गेली. अर्ज मी पर्समध्ये टाकला. पुढे पाठवला नाही आणि फाडलाही नाही. दोन दिवस तो माझ्याबरोबर घरी जात होता आणि परत येत होता. भीतीचे गेम शिकवणारी बाई, मला कळायला हवं होतं की भीती वाट बघण्यात असते. मी वाट बघत होते की हे आपोआप मिटेल.

शनिवारी दुपारी सीवूड्सला उतरून रिक्षाने करावेला गेले. गल्लीत रिक्षा जाईना, चालत निघाले. घरांच्या भिंतींना टेकवलेली जाळी, दारात मासळी साफ करणाऱ्या बायका, आणि एवढ्या सगळ्यांच्या वर त्या टॉवरांच्या काचा. एका बाईला घर विचारलं तर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कालेजातली मॅडम का तुमी?” म्हणजे गावाला माहीत होतं. माझे पाय तिथूनच परत वळत होते.

निकिताचे बाबा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. मला पाहून उठायला लागले. मी “बसा, बसा” म्हणेपर्यंत उभे राहून हात जोडले.

“माफी करा, मॅडम,” ते म्हणाले. “तुमचा कार्यक्रम बिगरवला मी.”

निकिताची आई दाराशी उभी होती. निकिता आत, स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज मी आल्याबरोबर थांबला होता.

“तुम्हाला बरं वाटत नव्हतं तर सांगायचं होतं हो,” मी म्हटलं. “हात वर करायचा. हेडफोन काढून टाकायचा.”

“पन तुमी सांगतला व्हता ना, कोनी बोलाचा नाय.” ते माझ्याकडे सरळ पाहत होते. “मना वाटला, मी बोललो त पोरीचं मार्क जातील.”

मी तो नियम मागे बसणाऱ्यांसाठी सांगितला होता. बारा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की समोर बसलेला माणूसही तो पाळेल.

“आंधार आला डोल्यांसमोर,” ते पुढे म्हणाले. आवाज खाली गेला. “मनात म्हनला, घाबराचा नाय. पोरगी मागं बसलेली हाय. ती बघते. तिला म्हायती हाय माझा. ती काय बोलत नाय म्हंजे सगला बरोबर हाय.” त्यांनी चादरीची घडी नीट केली. “मंग मना काय आठवत नाय. शुद्धीवर आलो आनि पयला हाच आला मनात. पोरीला दिसलोच नाय मी. शिकली, मोठी झाली. बरोबर हाय. तिचा ध्यान तिच्या कामात.”

माझी नोकरी, विभागप्रमुख, पाच वर्षं, सगळं त्या क्षणी डोक्यात होतं. शूर झाले होते असं मुळीच नाही. मी कॉटचा कठडा घट्ट धरला होता.

“दिसलात,” मी म्हटलं. “तिला दिसलात तुम्ही. ती उठली होती. ती बोलणार होती आणि मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मला वाटलं तुम्ही खेळात रमलात. मी तसं कागदावर लिहिलंसुद्धा. चार मिनिटं मी तिला धरून ठेवली. चूक तिची नाही, माझी आहे.”

निकिताची आई दारातून एक पाऊल आत आली. मला वाटलं आता ही बाई मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

निकिताच्या बाबांनी मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “म्हंजे तिला दिसला व्हता?” ते म्हणाले. मी “हो” म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, “उठली व्हती?”

“उठली होती.”

“निकी,” त्यांनी हाक मारली. घोगरी, मोठी, खाडीपलीकडच्या माणसाला मारावी तशी. “निकी, हिकडं ये.”

ती आली. ओले हात तसेच.

“कवा वलखलंस?”

तिला रडू आलं. आमच्या विभागात चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. “तुमी वड्याकडं वलले तवाच,” ती म्हणाली. घरात ती वेगळीच भाषा बोलत होती. “तुमी तिकडं नसते गेले, बाबा.”

“नाय जानार,” ते म्हणाले. “कोन जाईल तिकडं? मराला?” ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. त्यांनी तिला जवळ ओढून तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं. “वलखला माज्या पोरीनं,” ते बायकोला सांगत होते. “ऐकलंस ना? पयलाच वलखला.”

मी तिथे उभी आहे याचं कोणालाही भान नव्हतं. मला क्षमा कोणी केली नाही. ती करायला कोणाला उसंत नव्हती आणि मागायचा धीर मला नव्हता. मी निघते म्हटलं. निकिताच्या आईने मान हलवली. आगरी-कोळ्यांच्या घरातून मला त्याआधी आणि त्यानंतर कोणी चहा न घेता सोडलेलं नाही. त्या दिवशी त्या बाईने चहा विचारला नाही, आणि ते योग्यच होतं.

सोमवारी मी तक्ता आणि त्याबरोबर एक लेखी निवेदन विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवलं. चौकशी झाली, दोन वर्षं मला परीक्षेच्या कामातून बाजूला ठेवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या शनिवारचं एक राहिलं.

मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागून पावलं आली. निकिता होती. डोळे लाल, चेहरा मात्र नेहमीसारखा बंद.

“मॅडम, माझा अर्ज तुमच्याकडे आहे?”

मी पर्समधून काढून दिला. तिने तो उघडून पाहिला, दोनदा फाडला आणि तुकडे मुठीत धरले.

“सोमवारी येते,” ती म्हणाली. “पण टेस्टला मी तुमच्या शेजारी बसणार नाही.”

मी “बरं” म्हटलं. वर्षाअखेरपर्यंत ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ बसली.